अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती

मराठीत ‘प्रत’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. पोथीवरून उतरून घेतलेली दुसरी पोथी ही प्रत होय, आणि एखाद्या वस्तूचा दर्जा, वरचा असो की हलका, तोही प्रतच. ग्रंथपरंपरेच्या अभ्यासकाला या दोन अर्थांमधील नाते परिचित असते. ज्ञानदेवांच्या काळातील ज्ञानेश्वरीची मूळ पोथी आज उपलब्ध नाही. आहे ती एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, प्रती ताडून शुद्ध केलेली संहिता आणि तिच्या मागेपुढे पसरलेला हस्तलिखितांचा संभार. मूळ नष्ट होते आणि प्रती उरतात. उरलेल्या प्रतींमधून, त्यांची प्रत ठरवीत, मुळाकडे जाता येते. पाठचिकित्सेचे सारे शास्त्र या एका गृहीतकावर उभे आहे.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या बाबतीत हे गृहीतक उलटे झाले. वाघोरा नदीच्या वळणावरील लेण्यांतली चित्रे टिकणार नाहीत या भयाने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत त्यांच्या प्रती वारंवार करण्यात आल्या. त्यांपैकी तीन मोठे संग्रह पूर्णतः वा अंशतः आगीत नष्ट झाले: पहिला लंडनजवळच्या सिडनहॅम येथे १८६६ मध्ये, दुसरा लंडनमध्येच १८८५ मध्ये आणि तिसरा टोकियोत १९२३ मध्ये. ज्यांच्या रक्षणासाठी हा खटाटोप झाला ती चित्रे मात्र झिजलेल्या, काळवंडलेल्या अवस्थेत का होईना, जागेवरच राहिली. या घटनांची नोंद कलेतिहासाच्या ग्रंथांत सुटी सुटी आढळते. त्या एकत्र पाहिल्या असता ‘मूळ’ आणि ‘प्रत’ या संकल्पनांविषयी काही निराळे प्रश्न उपस्थित होतात, आणि ते चित्रकलेपुरते मर्यादित राहत नाहीत.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्यातील खांबावर स्वतःचे नाव कोरून ठेवले. पुढे जे घडले त्याचे स्वरूप या पहिल्याच कृतीत दिसते. चित्रांचे कौतुक करणारेच त्यांना इजा पोहोचवीत होते. लेण्यांवरचे राखणदार पाहुण्यांना भेट म्हणून गिलाव्यासकट चेहरे काढून देत, आणि विद्वान म्हणविणाऱ्यांनीही भिंतीवरून आकृती सोलून नेण्याचे प्रयत्न केले. वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्गसन याने १८३९ मध्ये लेणी पाहिली. १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून त्याने या ऱ्हासाकडे लक्ष वेधले. त्याची परिणती म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या प्रती करण्याच्या कामावर नेमले.

गिलने आपल्या आयुष्याचा उर्वरित बराच काळ या परिसरात काढला. तैलरंगांत, कॅनव्हासवर, मुळाच्याच आकारात तो चित्रे उतरवीत असे आणि पूर्ण झालेली चित्रे इंग्लंडला रवाना करीत असे. पंचवीसहून अधिक चित्रे अशी गेली. सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती प्रदर्शनार्थ मांडण्यात आली आणि ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या वास्तूच्या उत्तरेकडील भागाला लागलेल्या आगीत भस्मसात झाली. प्रदर्शनात नसलेली मोजकी चार-पाच चित्रे तेवढी वाचली. सुमारे वीस वर्षांचे काम असे संपल्यानंतरही गिलने पुन्हा प्रती करण्यास हात घातला. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. भुसावळला त्याची कबर आहे.

जळालेल्या चित्रांपैकी काहींचा माग लागतो तो एका अनपेक्षित ठिकाणी. १८५६ मध्ये श्रीमती स्पीयर यांचे प्राचीन भारतातील जीवनाविषयीचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. त्यात गिलच्या प्रतींवरून केलेली लहान लाकूडठशांची चित्रे आहेत. भिंतीवरची पुरुषभर उंचीची आकृती प्रथम कॅनव्हासवर, तेथून लाकडाच्या ठशावर आणि तेथून पुस्तकाच्या पानावर आली, आणि या साखळीतला मधला दुवा जळून गेला. हस्तलिखितांच्या वंशवृक्षात असा लुप्त दुवा कल्पावा लागतो. येथे तो केव्हा आणि कोठे लुप्त झाला याची तारीखही उपलब्ध आहे.

मराठी मनात गिलचे नाव टिकले ते वेगळ्याच कारणाने. पारो या स्थानिक स्त्रीशी त्याचा सहवास होता. तिचा मृत्यू १८५६ मध्ये झाला आणि तिची समाधी अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि २०१२ मधील त्याच नावाचा मराठी चित्रपट यांनी ही कहाणी घरोघर पोहोचविली. लोकस्मृतीची ही निवड समजण्यासारखी आहे. तथापि, प्रेमकथेच्या प्रभावामुळे त्याची जन्मभराची चित्रे जळून गेली ही घटना मराठीत जवळजवळ अज्ञात राहिली, हेही नमूद करावे लागते.

दुसरा प्रयत्न मुंबईहून झाला. जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स हा चित्रकार १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन दर हिवाळ्यात अजिंठ्यास जाऊ लागला आणि हा क्रम, मधल्या खंडांसह, १८८५ पर्यंत चालला. सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. ती लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे पाठविण्यात आली आणि १२ जून १८८५ रोजी तेथेही आग लागली. शंभरावर चित्रे गेली. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. पाश्चात्त्य जगाला अजिंठ्याचा रंगीत परिचय झाला तो मुख्यतः याच खंडांतून. वाचलेली चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

या कामात ग्रिफिथ्सबरोबर जे विद्यार्थी होते त्यांत पेस्तनजी बोमनजी हे पुढे मुंबईचे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. बाकीच्यांची नावे संग्रहालयीन नोंदी आणि ग्रंथाची प्रस्तावना यांच्यापलीकडे फारशी गेली नाहीत. प्रतींना ‘ग्रिफिथ्सच्या प्रती’ हेच नाव पडले. पोथीच्या शेवटी निदान लेखकाचे नाव, गाव आणि शके लिहिण्याची प्रथा होती, आणि वाकलेल्या पाठीचा, शिणलेल्या डोळ्यांचा उल्लेख करून ग्रंथ जतन करण्याची विनवणी करण्याचीही. कलाशाळेच्या या लेखनिकांना तेवढीही जागा मिळाली नाही. येथे एक मोठा अन्याय दडलेला आहे. कारण पाश्चात्त्य शैलीत शिकलेल्या या तरुणांनी वर्षानुवर्षे त्या रेषा हाताखालून काढल्या, आणि त्या हातांचा भारतीय चित्रकलेच्या पुढील वळणाशी काही संबंध होता का, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच गेला नाही. श्रेय बंगालच्या चित्रकारांना मिळाले, आणि ते अकारण मिळाले असे नव्हे. परंतु मुंबईची तेरा वर्षे त्याआधीची आहेत.

ग्रिफिथ्सची दृष्टी त्याच्या अभिप्रायांतून स्पष्ट होते. सोळाव्या लेण्यातील ‘मरणोन्मुख राजकन्या’ या प्रसिद्ध चित्राविषयी लिहिताना त्याने फ्लॉरेन्सच्या चित्रकारांचे रेखाटन आणि व्हेनिसच्या चित्रकारांचे रंग यांचे स्मरण केले. ती सरस ठरली असती, पण भावदर्शनात दोहोंनाही या चित्रापुढे जाता आले नसते, असा त्याच्या मताचा आशय आहे. प्रशंसा मनापासूनची आहे. परंतु मोजण्याची पट्टी इटलीची आहे. त्याच्या आणि गिलच्या प्रतींतही तेच दिसते. कोरड्या गिलाव्यावर रंगविलेल्या चित्रांना तैलरंगांची जाडी, छायाप्रकाशाचा उठाव आणि चौकटीची सीमा प्राप्त झाली. प्रत्यक्ष लेण्यांत चित्राला चौकट नाही. एका जातककथेचा प्रसंग संपण्यापूर्वीच दुसऱ्याची झाडे आणि महाल सुरू होतात. कॅनव्हासवर येताना ही अखंडता तुटली. भाषांतरकार ज्याप्रमाणे लक्ष्यभाषेच्या वाक्यरचनेत मूळ वाक्य बसवितो आणि त्यात काही मोडतो, तसेच हे घडले.

याहून गंभीर बाब म्हणजे प्रती करण्याच्या प्रक्रियेने मुळालाच इजा झाली. धुराने आणि वटवाघळांच्या वावराने काळवंडलेली चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश चढविण्यात आले. तत्काळ रंग उजळले, पण कालांतराने व्हार्निश पिवळे पडले आणि पापुद्र्यांसह रंग ओढू लागले. हैदराबाद संस्थानाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी पोपडे भिंतीला पुन्हा चिकटविले, पण त्यांनी वापरलेल्या लाखेच्या लेपाचीही पुढे हीच गत झाली. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांचे कितीतरी श्रम हे थर उतरविण्यात खर्ची पडले. आज कित्येक ठिकाणी भिंतीवरून गळून गेलेला भाग लंडनमधील कॅनव्हासवर मात्र दिसतो. तेथे प्रत हाच पुरावा आहे. ती करताना झालेल्या हानीचा हिशेब त्याच पुराव्याच्या शेजारी मांडावा लागतो.

तिसऱ्या प्रयत्नाची नायिका क्रिस्टियाना हेरिंगहॅम ही केवळ चित्रकर्ती नव्हती, ती अनुवादकही होती. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराच्या चित्रतंत्रविषयक ग्रंथाचा तिने इंग्रजी अनुवाद १८९९ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि त्यातील कृती स्वतः करून पाहिल्या होत्या. जुने रंगतंत्र पुस्तकातून समजत नाही, हाताने करून पाहावे लागते, ही तिची श्रद्धा होती. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत तिने अजिंठ्यास मुक्काम केला. भगिनी निवेदिता आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रेरणेने कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा हे तरुण चित्रकार तिच्या साहाय्याला आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन आले. अंधार, वटवाघळे आणि मधमाश्यांची मोहोळे यांमध्ये काम चालले. पांढऱ्या लेपावर लाल रेषेने केलेली प्रथम आखणी हा या चित्रांचा कणा आहे, हे तिच्या तज्ज्ञ डोळ्याने टिपले, आणि नंदलालांनी जी गोष्ट घेतली ती हीच. ग्रिफिथ्सच्या प्रतींत घनता आहे, तर या प्रतींत रेषा. भिंत तीच होती, वाचन बदलले.

या प्रती १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. याच संस्थेने तीन वर्षांपूर्वी, १९१२ मध्ये, रवींद्रनाथांची इंग्रजी ‘गीतांजली’ प्रथम छापली होती. भारतीय चित्रांना ललितकलेचा दर्जा नाकारणाऱ्या जॉर्ज बर्डवूड यांच्या १९१० मधील वक्तव्यावरून जो वाद उसळला, त्यातून ही संस्था जन्माला आली होती. तिच्या आरंभीच्या प्रकाशनांत एक कवीने स्वतः केलेला कवितांचा अनुवाद असावा आणि दुसरे भित्तिचित्रांच्या प्रतींचे संपुट असावे, हा योगायोग मानणे कठीण आहे. युरोपला भारतीय ‘मूळ’ द्यायचे तर ते कोणत्या ना कोणत्या प्रतीच्या रूपानेच द्यावे लागणार होते.

हेरिंगहॅमला या यशाचा आनंद घेता आला नाही. भारतातून परतल्यावर तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची वर्षे तिने शुश्रूषागृहांत काढली. तिच्या चरित्रकार मेरी लागो यांनी ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’तील श्रीमती मूर या पात्रामागे तिची छाया असावी, अशी शक्यता मांडली आहे. ती निर्णायकपणे सिद्ध होण्यासारखी नाही. पण गुहेत गेलेल्या आणि तेथून पूर्वीसारख्या न परतलेल्या स्त्रीची कथा वाचताना अजिंठ्याची ही हकिकत आठवणे स्वाभाविक आहे. असितकुमार हालदारांनी आपला अनुभव ‘अजंता’ या बंगाली पुस्तकात लिहिला. मराठीच्या बाजूने पाहता औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा उल्लेख करावा लागतो. स्वतः चित्रकार असलेल्या या संस्थानिकाने अजिंठ्यावरचे आपले पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध केले, तेही इंग्रजीत.

तिसऱ्या आगीची कथा जपानमध्ये सुरू होते. १९१६ मध्ये रवींद्रनाथ योकोहामा येथे हारा तोमितारो या रेशीमव्यापारी रसिकाच्या घरी उतरले असता शिमोमुरा कानझान याने काढलेले ‘योरोबोशी’ हे चित्र त्यांच्या मनात भरले. ते नो नाटकातील आंधळ्या भिक्षुकाचे, मावळत्या सूर्याला सामोरे उभे असल्याचे चित्र आहे. त्याची प्रत करून मिळावी अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. ही प्रत करण्याचे काम अराई काम्पो या चित्रकाराकडे आले, आणि याच ओळखीतून तो वर्षाअखेरीस कलकत्त्यास आला. जोडासांको येथील ‘विचित्रा’ या कलाशाळेत त्याने जपानी कुंचला आणि शाई यांचे पाठ दिले. नंदलालांशी त्याचा स्नेह जुळला. भारताचे दार त्याला एका प्रतीने उघडून दिले, असे म्हणता येते.

‘कोक्का’ या जपानी कलानियतकालिकाच्या वतीने सावामुरा सेन्तारो हा कलेतिहासकार आणि अराई यांनी १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या प्रती केल्या. जपानी विद्वानांना या चित्रांची ओढ होती त्यामागे नारा परिसरातील होर्युजी हे बौद्ध मंदिर होते. तेथील कोन्दो म्हणजे सुवर्णमंडप ही जगातील सर्वांत प्राचीन लाकडी वास्तूंपैकी एक. तिच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीस वा आठव्याच्या आरंभी रंगविलेले बुद्ध आणि बोधिसत्त्व अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची आठवण करून देत. मध्य आशिया आणि चीन यांमार्गे जपानला पोहोचलेल्या परंपरेचा उगम पाहण्यासाठी हे लोक आले होते. शाई, पाण्यातले रंग आणि जपानी कागद ही त्यांची साधने तैलरंगांपेक्षा मुळाच्या अधिक जवळची होती. प्रती टोकियोच्या शाही विद्यापीठात ठेवण्यात आल्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी कान्तो प्रदेशात महाभूकंप झाला; त्यानंतर पसरलेल्या आगीत विद्यापीठाचे ग्रंथालय गेले आणि अजिंठ्याच्या या प्रतीही गेल्या.

येथपर्यंतची साखळी एकाच दिशेने जाते. अराईच्या उत्तरायुष्यात ती उलटी फिरली. १९४० मध्ये जपान सरकारने होर्युजीच्या कोन्दोमधील बारा भिंतींच्या प्रती करण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी चार चित्रकारांच्या नेतृत्वाखाली चार गट नेमले. त्यांत एक गट अराई काम्पोचा होता. अजिंठ्यात ज्याने अंधाराशी झगडत काम केले, त्याला येथे प्रतिदीप्ती नळ्यांचा शीतल प्रकाश मिळाला. जपानमधील या दिव्यांचा तो अगदी आरंभीचा वापर होता. १९३५ मध्ये क्योतोच्या बेन्रिदो या मुद्रणसंस्थेने या भिंतींची मूळ आकाराची छायाचित्रे घेतली होती. त्यांचा फिकट छाप कागदावर घेऊन त्यावर रंग भरण्याची पद्धतही वापरात आली. युद्धाने काम रखडले. १९४५ मध्ये अराईचा मृत्यू झाला. त्याच्याकडे आलेल्या भिंतीचे काम अपुरे राहिले.

युद्धानंतर काम पुन्हा सुरू झाले. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे कोन्दोला आग लागली. प्रती करणारे चित्रकार थंडीत बसण्यासाठी विजेवर तापणाऱ्या गाद्या वापरीत. त्यांपैकी एक चालू राहिली असावी असा संशय व्यक्त झाला, परंतु कारण निर्विवादपणे निश्चित झाले नाही. भिंतींवरील रंग करपून गेले. रेषांचे काळेकरडे अवशेष तेवढे राहिले. दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवलेल्या वरच्या भागातील उडत्या अप्सरांच्या वीस लहान फलकांना मात्र धक्का लागला नाही. या दुर्घटनेनंतर १९५० मध्ये जपानने सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला.

सिडनहॅम, केन्सिंग्टन आणि टोकियो येथे मूळ दूर सुरक्षित होते आणि प्रती जळाल्या. होर्युजीत मूळ जळाले आणि प्रती राहिल्या. दोन्ही बाजूंना अराई काम्पो हे एकच नाव येते. अजिंठ्याच्या त्याच्या प्रती राहिल्या नाहीत, आणि ज्या भिंतीसमोर तो अखेरची वर्षे बसला ती भिंत त्याच्या पश्चात करपली. पहिल्या प्रसंगी त्याचे काम व्यर्थ ठरले असे म्हणावे तर दुसऱ्या प्रसंगी त्याच प्रकारचे काम अपरिहार्य ठरले. आणि काम चालू असताना या दोहोंत फरक करण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नव्हता.

करपलेल्या भिंती आणि खांब रसायनांनी दृढ करून होर्युजीच्या आवारातील एका स्वतंत्र कोठारात पूर्वीच्याच रचनेत उभे करून ठेवले आहेत. कोन्दो पुन्हा उभारण्यात आले. १९६७-६८ मध्ये यासुदा युकिहिको, माएदा सेइसोन आदी चित्रकारांच्या नेतृत्वाखाली चौदा जणांनी जुन्या प्रती आणि १९३५ ची छायाचित्रे यांच्या आधारे बाराही भिंतींची चित्रे नव्याने काढली. मंदिरात जाणाऱ्या यात्रिकाला आज दिसतात ती हीच चित्रे. कागदावर रंगविलेल्या आणि फलकांवर बसविलेल्या या प्रती मूळ चित्रांच्या जागी उभ्या आहेत.